हळदीकुंकवाचं ताट आणि नमुना आठ

हे गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. काळ २०२३ च्या संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंतचा. त्या वर्षी मी तालुक्यातल्या बचत गटांच्या प्रशिक्षणाचं काम करत होते, त्यामुळे बहुतेक बैठकांना हजर होते. जे पाहिलं नाही ते गावातल्या बायांकडून समजून घेतलं आहे.

पार्श्वभूमी

गाव तीनेकशे उंबऱ्यांचं. कापूस, तूर, सोयाबीन. निंदण आणि वेचणी बाया करतात. डवरणी, फवारणी पुरुष. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमधल्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. इथलं सरपंचपदही तसंच आलेलं. सरपंचताई हुशार, हिशोबाला पक्क्या. पण मासिक सभेत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसत आणि बोलणं बरंचसं तेच करत. गावाला यात वावगं काही वाटत नव्हतं.

बायांचा सन्मान करण्यात मात्र गाव मागे नव्हतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार, १२ जानेवारीला जिजाऊंच्या. सिंदखेडराजा आपल्या विदर्भातलंच, त्यामुळे जिजाऊ जयंतीला जरा जास्तच उत्साह. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, ८ मार्चला रांगोळी, संगीत खुर्ची आणि सत्कार, ३१ मे रोजी अहिल्यादेवी जयंती. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करावा लागतो. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली जेमतेम, त्यामुळे हा निधी छोटा. तो वाणाच्या स्टीलच्या वाट्या, मंडप आणि शाल-श्रीफळ यांत संपायचा.

या कार्यक्रमांना नावं ठेवणारे बरेच भेटतात, पण मला ते पटत नाही. सकाळी स्वयंपाक, मग वावर, मग पुन्हा चूल, असं ज्यांचं वर्ष जातं त्यांना हक्काने नवं लुगडं नेसून घराबाहेर बसायला मिळणारी ती एक दुपार असते. या प्रकरणात पुढे जे काही घडलं ते त्या दुपारी जमणाऱ्या गर्दीमुळेच घडलं.

प्रसंग

त्या संक्रांतीला ग्रामपंचायतीचं हळदीकुंकू समाज मंदिरात होतं. तयारी बचत गटाने केली आणि त्यात पुढे होत्या चक्कीवाल्या काकू. नवरा २०१७ मध्ये गेला, दोन मुलं, घरासमोर पिठाची चक्की. गटाच्या सचिव, सगळ्यांची पासबुकं त्यांच्याकडे. सतरंज्या त्यांनी अंथरल्या, तिळगूळ त्यांच्याच घरी झाला. मग ताट फिरू लागलं. ताट धरणाऱ्या बाईचा हात ओळीने एकेकीच्या कपाळाशी जात होता. काकूंपाशी आल्यावर तो तसाच पुढच्या बाईकडे गेला. कोणी टोचून बोललं नाही, कोणी चुकचुकलं नाही. नेहमी असंच व्हायचं. संध्याकाळी त्यांची वाटी मुलीच्या हातून घरी पाठवण्यात आली.

नंतर काकू मला म्हणाल्या, "मी उठून गेली असती तं लोक म्हनले असते, चक्कीवालीले राग आला. बसून राह्यली तं म्हनन, हिले काईच वाटत नाई. दोन्हीकडून माह्यंच चुकते."

पुढच्या आठवड्यात, २५ जानेवारीला, महिला सभा होती. कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. त्या दिवशी सभेला कोणीही आलं नाही. रजिस्टर मात्र दुसऱ्या दिवशी भरलेलं होतं, कारण शिपाई घरोघरी जाऊन सह्या आणि अंगठे घेऊन आला होता. वर ठराव होता, 'महिलांच्या अडचणींवर चर्चा झाली.'

अडचण नेमकी कोणती

गावातल्या सीआरपी ताई, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्या, या दोन्ही गोष्टी एकत्र मांडू लागल्या तेव्हा विषय पुढे सरकला. हळदीकुंकवाला दीडशे बाया येतात आणि त्यातल्या विधवांना मागे बसवलं जातं. महिला सभेला सगळ्यांना समान हक्क आहे आणि तिथे कोणीच येत नाही. म्हणजे बाया जिथे जमतात तिथे अधिकार नाही आणि जिथे अधिकार आहे तिथे बाया नाहीत.

समोरचे मार्ग

फेब्रुवारीत ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, खोलीत बैठक झाली. सरपंचताई, सीआरपी ताई, आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि मी. पहिली सूचना ग्रामसेवकांची होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं थांबवायचं असा तो ठराव. त्यानंतर १७ मे २०२२ ला ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाचा मसुदा तयारच होता, २६ जानेवारीचं राहिलं, आता १ मेला करून टाकू, असं त्यांचं म्हणणं. आशाताईंनी विचारलं, "ठराव तुमच्या रजिस्टरात राहीन, पन ताट माह्या जावेच्या हातात राहीन. तिले कोन सांगन?" याला उत्तर कोणाकडेच नव्हतं.

दुसरा विचार असा होता की सार्वजनिक पैशातून हळदीकुंकूच नको. तो निधी मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहावर खर्च करावा. ऐकायला चांगलं वाटलं, पण सरपंचताईंनी तो लगेच बाजूला ठेवला. बायांचा एकमेव कार्यक्रम बाई सरपंच असताना बंद झाला, असं गाव म्हणेल आणि त्या रागाचा धक्का विधवांनाच बसेल, कारण 'यांच्यापायी बंद झालं' हे बोलणं टळणार नाही. मला हा त्यांचा अंदाज तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

तिसरी सूचना माझ्याकडून आली होती. ८ मार्चला काकूंना मंचावर बोलावून सरपंचताईंनी त्यांना कुंकू लावावं. यावर सीआरपी ताई म्हणाल्या, "काकूले विचारलं का कोनी?"

विचारलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला. सीआरपी ताई काकूंकडे जाऊन आल्या आणि त्यांचं उत्तर घेऊन आल्या: "कुंकवाचं मंग पाहू ताई. आधी वावरावर माह्यं अन् लेकरायचं नाव लागलं पायजे."

काकूंचा नवरा आणि दीर यांचा सातबारा सामाईक होता. नवरा गेल्यानंतर वारस नोंद झालीच नव्हती. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांचा हिस्सा सारखा. पण कागदावर सहा वर्षं मेलेल्या माणसाचंच नाव. त्यामुळे पीककर्ज काकूंच्या नावाने मिळत नव्हतं. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर सातबारा लागतो, म्हणून त्यांचा कापूस दिराच्या नावाने किंवा खेडा खरेदीत व्यापारी सांगेल त्या भावाने जात होता.

मग आराखडा बदलला. मंचावर कोणालाही बोलवायचं नाही. ८ मार्चचा कार्यक्रम नेहमीसारखाच करायचा, फक्त त्यात दोन बदल. ताट कोणी फिरवणार नाही, ते टेबलावर राहील. आणि शेजारच्या टेबलावर ग्रामपंचायतीचं नमुना आठ, म्हणजे घरांच्या कर आकारणीचं रजिस्टर, आणि वारस नोंदीचे अर्ज.

काय केलं

त्या वर्षी धुळवड ७ मार्चला होती. दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम, त्यामुळे तो सकाळी न ठेवता दुपारी चार वाजता ठेवला. निमंत्रणातला 'सुवासिनी' हा शब्द काढून 'गावातल्या सगळ्या बाया' असं लिहिलं. दवंडीही तशीच दिली.

अंगणवाडी सेविका पाचच मिनिटं बोलल्या. भिंतीवरच्या तीन फोटोंकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं: जिजाऊंचे पती १६६४ मध्ये गेले, त्यानंतर दहा वर्षं त्या जगल्या आणि लेकाचा राज्याभिषेक पाहिला. अहिल्यादेवींचे पती १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, त्यानंतर त्यांनी राज्य चालवलं. ज्योतिबा १८९० मध्ये गेले तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं (अग्नीचं मडकं) धरलं आणि पुढे सात वर्षं सत्यशोधकांचं काम केलं. "या तिघी आज आपल्या गावात आल्या असत्या तं संक्रांतीले आपन यायले कुठं बसवलं असतं?" एवढं विचारून त्या खाली बसल्या. मी बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं नेमकं बोलणं क्वचित ऐकायला मिळतं.

टेबलावर हळद, कुंकू, मोगऱ्याचे गजरे आणि पेढे होते. जिला जे हवं ते तिने आपल्या हाताने घ्यायचं. एका वयस्क आजींना ते आवडलं नाही. "कुंकू हे मालकाचं लेनं हाये व माय. मालक नाई तं कुंकू कशाचं?" असं त्या मोठ्याने म्हणाल्या. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही, गप्पही केलं नाही. एका तरुण विधवेने हळद लावली आणि गजरा माळला. काकूंनी पेढा घेतला, कुंकू घेतलं नाही.

खरी गर्दी झाली ती दुसऱ्या टेबलापाशी. ग्रामविकास विभागाने २००३ मध्येच घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा निर्णय काढला होता. या गावात अशी नोंद असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ग्रामसेवक एकेका घराचा क्रमांक वाचू लागले आणि बाया स्वतःच्या घराचा मालक कोण हे पहिल्यांदाच ऐकू लागल्या. काही घरं वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावावर, एक तर गाव सोडून गेलेल्या चुलत दिराच्या. चाळीस वर्षं ज्या भिंती दर दिवाळीला सारवल्या त्या कोणाच्या नावावर आहेत हे कळल्यावर एक बाई तिथेच रजिस्टरवर बोट ठेवून उभी राहिली आणि पुढचं नाव वाचू देईना. तिचा अर्ज पहिला लिहिला गेला.

पण दोघांच्या नावासाठी नवऱ्याची सही लागते. एप्रिलभर संध्याकाळी घरोघरी जाणं झालं. पुरुषांची भीती साधारण एकच होती: "बायकोचं नाव लावलं अन् उद्या तिच्या भावानं घर मांगतलं तं?" आमच्या समजावण्याने फार फरक पडला नाही. फरक पडला तो गावातल्या एका जुन्या शेतकऱ्यामुळे. अजूनही छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावणारा हा माणूस. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन लावली होती. १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्तीची योजना काढली. या आजोबांनी त्या काळात एक एकर आजींच्या नावे केलं होतं. ते पारावर बसून सांगत, "तवा बी लोक हेच म्हनत. सांगा बरं, कोनाची बायको वावर घेऊन पयाली?" बाहेरून आणलेला विचार म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवली जात होती, तो आपल्याच भागातल्या आंदोलनाचा जुना विचार आहे, हे कळल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

सरपंचताईंच्या घरी वेगळाच पेच होता. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे जोड नाव लागणार ते सासूबाईंचं. सदस्यांच्या घरापासून सुरुवात करायची असं ठरलेलं, पण त्यात सरपंचताईंना स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. त्यांनी तरीही पहिल्या आठवड्यात सासूबाईंचा अर्ज भरला. एकत्र कुटुंबातल्या सुनांचा प्रश्न या योजनेने सुटत नाही.

काकूंच्या वारस अर्जाचं काम तलाठ्यांकडे सुरू होतं. अर्ज भरताना मृताची आई म्हणून सासूचंही नाव येतं हे कळलं, तेव्हा इतके दिवस दिराच्या बाजूने बोलणाऱ्या सासूबाई थबकल्या. "मंग माह्यं बी लागते का त्याच्यात?" लागतं म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं आधार कार्ड काढून दिलं. दिराने हरकत घेतलीच. फेरफाराच्या नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपण्याआधी तक्रार नोंदली गेली आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणीला गेलं.

३० एप्रिलला महिला सभा झाली, या वेळी खरोखर, रात्री आठ वाजता, जेवणं आटोपल्यावर. ठराव आधी लिहून वाचून दाखवले आणि मग सह्या घेतल्या. १ मेच्या ग्रामसभेसाठी एक गोष्ट आधीच ठरवली होती. सरपंचताईंचे यजमान शेजारच्या खुर्चीत बसले तर सभा त्यांची होणार. त्यांना चारचौघांत उठवायचं नाही, हा सीआरपी ताईंचा आग्रह. त्यांनी या यजमानांना आदल्या दिवशी भेटून मंडप, माइक आणि पाण्याची व्यवस्था सोपवली. ते दिवसभर त्याच कामात होते. सरपंचताईंनी सभा चालवली.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. एरवी गणपूर्तीअभावी सभा तहकूब व्हायची. त्या दिवशी बायांमुळेच ती झाली. दोघांच्या नावे घरनोंद, वारस नोंदीचं शिबिर आणि १० टक्के निधीचा खर्च महिला सभेला विचारून, हे ठराव मंजूर झाले. विधवा प्रथेचा ठराव आमच्या यादीत नव्हता. महिला सभेत तो बायांनीच जोडला. त्याला सभेत विरोध झाला, आवाज चढले, पण तोही झाला.

काय झालं

दिवाळीपर्यंत गावातल्या साधारण एक तृतीयांश घरांवर दोघांची नावं लागली. एका घरी यावरून भांडण होऊन अर्ज मागे घेतला गेला. नमुना आठ हा मालकीचा अंतिम पुरावा नाही हे बायांना स्पष्ट सांगितलं होतं. तरी २०२० पासून सुरू असलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं आणि त्या चौकशीत ग्रामपंचायतीची नोंद पाहिली जाते. म्हणून मोजणीआधी नाव लागणं मोलाचं होतं.

काकूंचा फेरफार सुनावणीनंतर मंजूर झाला. सातबाऱ्यावर त्यांचं, दोन्ही मुलांचं आणि सासूबाईंचं नाव आलं. त्या हंगामाचा कापूस त्यांनी स्वतःच्या नावाने दिला. दिराशी बोलणं बंद आहे आणि सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कुरबुरी सुरू आहेत. नाव लागल्याची ही किंमत त्या मोजत आहेत.

२०२४ च्या संक्रांतीला ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात ताट पुन्हा टेबलावर होतं. घरोघरच्या हळदीकुंकवात मात्र जुनीच रीत आहे. त्या आजी ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाला आल्या नाहीत, त्यांच्याबरोबर आणखी काही जणीही नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट घरपट्टीची. नोंद बदलण्याआधी थकबाकी भरा, असा आग्रह ग्रामपंचायतीने धरला. वसुली वाढली, त्यामुळे कार्यालयाला या मोहिमेत रस आला हे खरं. पण ज्यांना एकदम पैसे भरणं जमलं नाही त्या बहुतेक एकट्या बाया होत्या, आणि त्याच मागे राहिल्या. थकबाकीचे हप्ते पाडून नोंद आधी करून देता आली असती. इतर गावांनी हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं.

दुसरं, त्या आजींकडे कोणी गेलं नाही. सगळा वेळ पुरुषांच्या सह्या मिळवण्यात गेला आणि ताट ज्यांच्या हातात असतं त्या वयस्क बायांशी बसून बोलणं राहून गेलं. घरातली रीत त्यांच्या शब्दाने चालते. भजनी मंडळात, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला त्या रोज भेटतात. तिथे हे बोलणं होऊ शकलं असतं आणि अजूनही होऊ शकतं.

वारस नोंदीच्या बाबतीत शिबिराची वाट पाहायला नको होती. गावात कोणी वारलं की मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीतच होते. दाखला देतानाच वारस अर्जाचा नमुना सोबत दिला तर सहा-सहा वर्षं सातबारा अडकून पडणार नाही. सरपंचताईंनी आता ही पद्धत सुरू केली आहे आणि तिला एक रुपयाही खर्च नाही.

मजुरीचा विषय मात्र तसाच राहिला. निंदणाला बाईला मिळणारी रोजी आणि फवारणीला पुरुषाला मिळणारी रोजी यांत मोठी तफावत आहे. समान मोबदल्याचा कायदा तेव्हा १९७६ चा होता, पण 'काम वेगळं' म्हटलं की तो बाजूला पडायचा. ३० एप्रिलच्या महिला सभेत एकीने हा प्रश्न काढला होता. समोर बसलेल्या निम्म्या बाया स्वतः मजूर लावणाऱ्या घरच्या, त्यामुळे तो पुढे ढकलला गेला. गावात रोजीचे दर मृगाच्या आधी ठरतात. त्यामुळे हा विषय मेच्या सुरुवातीलाच घ्यावा, आणि आधी मजुरी करणाऱ्या बायांची वेगळी बैठक घ्यावी, असं सीआरपी ताईंनी पुढच्या वर्षासाठी ग्रामसंघाच्या इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.